क्रूझ ठरवताना बंदरांची यादी नको, तास वाचा

क्रूझची जाहिरात बंदरांच्या नावांनी सुरू होते. रोम, फ्लॉरेन्स, सँतोरिनी, अथेन्स, आणि हे सगळं एका आठवड्यात. नावं वाचूनच मन तिकडे पोचतं. पण रोमला समुद्र नाही. जहाज चिविताव्हेकिया या बंदराला लागतं आणि रोम तिथून सुमारे ७० किलोमीटर आत आहे. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरावं लागतं. पॅरिससाठी ल हाव्र, तिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणून वेळापत्रकात असतं ते बाल्टिकच्या काठावरचं वार्नेम्युंडे, आणि तिथून बर्लिनला रेल्वेने जायलाच तीनेक तास लागतात.

म्हणून पैसे भरायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक बंदराचा हिशोब मांडा. चिविताव्हेकियाचाच घेऊ. जहाज सकाळी ७ ला लागणार आणि संध्याकाळी ७ ला सुटणार, म्हणजे छापील १२ तास. जहाज धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणी खाली उतरत नाही, त्यामुळे गेटबाहेर पडेपर्यंत ८ वाजतात. स्टेशन गाठून, गाडी पकडून रोममध्ये पाय ठेवायला साडेनऊ. परत जहाजावर चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी असते, म्हणजे साडेसहा. रेल्वे उशिरा आली, रस्ता चुकला, गर्दी झाली, यासाठी दीड तास हाताशी ठेवला तर पाचला बंदरावर परत हवं आणि रोम साडेतीनला सोडायला हवं. छापील १२ तासांचे सहा झाले. सहा तासांत एक मोठं ठिकाण आणि एक निवांत जेवण होतं. तीन ठिकाणं करायला गेलात तर तिन्हींच्या रांगाच पाहून याल.

हा हिशोब मांडताना आणखी एक गोष्ट तपासा: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रातच नांगर टाकणार? पाणी उथळ असेल किंवा धक्का पुरेसा मोठा नसेल तर जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी काठावर नेतात. त्यात जाता-येता तासभर सहज खर्ची पडतो. शिवाय वारा वाढला तर या बोटी चालवता येत नाहीत आणि ते बंदर रद्दच होतं. सँतोरिनी या ग्रीक बेटाचं उदाहरण बोलकं आहे. जहाज कड्याखाली नांगरतं, बोटीने काठावर यायचं, आणि वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार किंवा जवळपास ६०० पायऱ्या. त्याच दिवशी तीन-चार जहाजं आली असतील तर केबल कारची रांग तासा-दीड तासाची होते. बहुतेक बंदरं कोणत्या दिवशी कोणती जहाजं येणार याची यादी आधीच जाहीर करतात, ती पाहूनच तारीख ठरवा.

व्हेनिसचंही बघून ठेवा. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरासमोरच्या जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. ‘व्हेनिस’ लिहिलेल्या काही सफरी आता रॅवेना किंवा ट्रिएस्टहून सुटतात आणि दोन्ही गावं व्हेनिसपासून शंभर किलोमीटरहून लांब आहेत. विमानाचं तिकीट काढण्याआधी धक्क्याचा नेमका पत्ता विचारून घ्या, गावाचं नाव पुरत नाही.

रात्री, दिवस आणि ऋतू

क्रूझ रात्रींमध्ये मोजतात. सात रात्रींच्या सफरीत पूर्ण दिवस सहाच. पहिला दिवस चढण्यात जातो आणि आठव्या सकाळी न्याहारी करून तुम्ही खाली उतरलेले असता. तीन रात्रींची छोटी सफर स्वस्त दिसते, पण जहाजाची ओळख व्हायला लागते तोच बॅगा भरायची वेळ येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाच ते सात रात्रींची, त्यात दोन दिवस पूर्ण पाण्यावरचे, अशी सफर निवडावी असं माझं मत आहे. रोज एक बंदर असलेली सफर कागदावर भरगच्च वाटते, पण चौथ्या दिवशी पाय बोलायला लागतात.

याच्या उलट टोकाला असतात जागा बदलण्याच्या सफरी. ऋतू संपला की कंपन्या जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवतात, साधारण वसंतात आणि शरदात. त्या प्रवासात सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही आणि दर रात्रीचा दर बराच कमी असतो. वाचणाऱ्याला, झोपणाऱ्याला, नुसतं पाण्याकडे बघत बसणाऱ्याला याहून चांगली सफर नाही. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडत असाल तर बऱ्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं आणि दिवस २५ तासांचा होतो. पूर्वेकडे जाताना तोच तास झोपेतून कापला जातो. म्हणून शक्य असेल तर पश्चिमेकडे जाणारी निवडा.

ऋतूच्या बाबतीत स्वस्त दराला भुलू नका, कारण दर स्वस्त असण्यामागे बहुधा हवामान असतं. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत काळ १ जून ते ३० नोव्हेंबर आहे आणि त्याचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्या काळात कॅरिबियनला गेलात तर जहाज वादळात सापडण्याची भीती फारशी नसते, कारण कप्तान वादळाला वळसा घालतो. मात्र त्या वळशात तुमची बंदरं बदलतात. भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही कळसाला असतात. मे, जूनची सुरुवात, सप्टेंबरचा शेवट हे दिवस चालण्याफिरण्याला बरे. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला, साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. उत्तर ध्रुवप्रकाश पाहायचा असेल तर अंधार हवा, तेव्हा शरद ते मार्च.

अंटार्क्टिकाला नोव्हेंबर ते मार्चच जाता येतं आणि तिथे जहाजाच्या आकाराला फार महत्त्व आहे. ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजातून तिथे कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि लहान जहाजांतूनही एका जागी एका वेळी १०० च माणसं उतरतात. तेव्हा २०० प्रवाशांच्या जहाजात तुम्ही निम्मा वेळ वाट पाहणार आणि १०० च्या जहाजात सगळे एकदम उतरणार.

जहाज केवढं असावं

२०२४ मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ पूर्ण भरलं तर सुमारे ७,६०० प्रवासी नेतं. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, बर्फाचं मैदान आहे, झाडं लावलेली बाग आहे. लहान मुलं आणि कॉलेजातली पोरं सोबत असतील तर असं जहाज उत्तम, कारण प्रत्येकाला आपापलं काहीतरी सापडतं. मोठं जहाज लाटांवर हलतंही कमी. पण ते लहान बंदरांत शिरू शकत नाही, आणि पाच हजार माणसं एका गावात उतरली की ते गाव तुम्हाला गावासारखं दिसत नाही. दीड-दोन हजार प्रवाशांचं मध्यम जहाज मला सगळ्यात जमून येणारं वाटतं. नाटकगृह, पोहण्याचा तलाव, तीन-चार जेवणघरं असतात, आणि दुसऱ्या दिवशी कर्मचारी तुम्हाला ओळखायला लागतात.

केबिन: नकाशा उघडल्याशिवाय नंबर घेऊ नका

केबिनचे चार मुख्य प्रकार. आतली, जिला खिडकी नसते. समुद्र दिसणारी, जिची खिडकी उघडत नाही. बाल्कनीवाली. आणि स्वीट, म्हणजे मोठी खोली व काही जास्तीच्या सोयी. आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की ठार अंधार होतो. गाढ झोप लागते, पण काहींचा जीव घाबरा होतो. आपण कोणत्या जातीचे हे स्वतःला विचारून ठेवा. दिवसभर बाहेरच राहणार असाल तर आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे सहलींवर घालणं शहाणपणाचं. अलास्का किंवा नॉर्वेच्या फ्योर्डांसाठी, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांसाठी, मात्र बाल्कनी घ्याच. तिथे पाहण्याजोगं जहाजावरूनच दिसतं, तेही पहाटे पाचला, आणि शालीत गुंडाळून आपल्याच दारातून ते बघता येणं हीच त्या सफरीची खरी मजा आहे.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. जहाज मधोमध आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी हलतं, लंबक जिथे टांगलेला असतो त्या टोकासारखं. पुढचं टोक लाटेवर उचलून आपटतं, मागच्या टोकाला यंत्रांची थरथर जाणवते. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये पहाटे नांगराची साखळी सुटल्याचा खडखडाट होतो. डेकचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येणार. खाली नाचघर असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली केबिन कुटुंबाला सोयीची, इतरांना नको, त्या दारातून बोलणं ऐकू येतं.

काही केबिन स्वस्त असतात कारण खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. नकाशावर ती खूण बारीक असते. ‘केबिन आम्ही ठरवू’ अशा दरात फक्त प्रकाराची हमी मिळते, जागेची नाही. ज्याला बोट लागते त्याने हा दर घेऊ नये.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी रुंद दाराच्या खास केबिन शक्य तितक्या लवकर धराव्यात, त्या मोजक्याच असतात. आणि बंदरांची यादी पुन्हा तपासावी, कारण टेंडर बोटीत चाकाची खुर्ची चढवता येईलच असं नसतं.

तिकिटात काय नसतं

दर माणशी लिहिलेला असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटे जाणार असाल तर बहुधा दुसऱ्याचंही भाडं भरावं लागतं, पूर्ण किंवा निम्मं. काही जहाजांवर एकट्यासाठी लहान केबिन असतात, त्या आधी शोधा. भाड्यात राहणं, मुख्य जेवणघरातलं आणि बुफेचं जेवण, करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम येतात. बंदरांचे कर, कर्मचाऱ्यांची रोजची टिप, मद्य व बहुतेक थंड पेयं, खास जेवणघरं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, हे बहुधा वेगळं. काही महागड्या कंपन्या यातलं बरंच भाड्यात धरतात. त्यामुळे दोन दरांची तुलना करताना या सहाही गोष्टी दोन्हीकडे बेरजेत घ्या, मगच कोणती सफर स्वस्त ते कळतं.

पेयांचं पॅकेज घेताना रोज किती प्याले घेतले तर पैसे वसूल होतात ते काढा, आणि बंदराच्या दिवशी तुम्ही जहाजावर नसता हेही धरा. अनेक कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. फारसं न पिणाऱ्या जोडप्याला ते परवडत नाही.

जानेवारी ते मार्च या काळात सवलती भरपूर निघतात. पूर्ण रक्कम साधारण ९० दिवस आधी भरायची असते आणि त्यानंतर रद्द केलं की कपात वाढत जाते. आगाऊ रक्कम परत मिळणारी आहे की नाही ते पावतीवर वाचा. एकच ओळ असते, पण पुढची सगळी भांडणं तिच्यावरूनच होतात.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, केबिनच्या कार्डावर सगळं लिहिलं जातं. त्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडलं तर काही रक्कम बँकेत अडकवून ठेवली जाते आणि सफर संपल्यावरही काही दिवस ती मोकळी होत नाही.

कागदपत्रं आणि विमा

पासपोर्ट सफर संपल्यानंतर किमान सहा महिने वैध असावा. व्हिसा तुमच्या नागरिकत्वाप्रमाणे आणि वेळापत्रकातल्या प्रत्येक देशाप्रमाणे पाहावा लागतो. इथे एक चूक फार होते. इटलीहून निघालेलं जहाज मध्ये तुर्कस्तानला थांबून ग्रीसला आलं, तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाऊन परत आत येता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे अपुरा पडतो आणि चढतानाच अडवतात. बंदरावर उतरणार नसलात तरी काही देश व्हिसा मागतात. कंपनीकडून हे लेखी विचारून घ्या.

विमा घ्याच, आणि त्यात दोन गोष्टी आहेत का ते बघा: जहाजावरचे उपचार, आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च. जहाजावर डॉक्टर असतो, लहानसा दवाखाना असतो, पण प्रत्येक तपासणीचं बिल होतं. हेलिकॉप्टरने किंवा खास विमानाने हलवायची वेळ आली तर तो खर्च सफरीच्या कितीतरी पट असतो. आधीपासूनचा आजार विम्याला सांगा, लपवून काही वाचत नाही. गरोदर स्त्रियांना बहुतेक कंपन्या २४ वा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत, आणि हा आठवडा सफर संपण्याच्या तारखेपर्यंत मोजतात. बाळ साधारण किमान सहा महिन्यांचं हवं, महासागर ओलांडणाऱ्या सफरीत बारा महिन्यांचं.

सफर सुरू होते त्या गावी आदल्या दिवशीच पोचा. यावर मी वाद घालायला तयार आहे. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला त्याच सकाळी विमानाने उतरणारे लोक असतात. विमान चार तास उशिरा आलं तर जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरात ते गाठता येईलच असंही नाही. अमेरिकेत तर १८८६ चा एक कायदा आहे, ज्यामुळे परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला दोन अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी नेण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे तिथे भलत्याच बंदरावर चढायला कंपनी नकार देऊ शकते. सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, कधी अगदी रात्री का होईना, थांबतात, त्यामागेही हाच कायदा आहे.

बोट लागू नये म्हणून

गाडी लागते तशीच बोट लागते. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल सांगतो, आणि मेंदूचा गोंधळ होतो. आजच्या जहाजांना दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डावीकडे-उजवीकडे होणारं डोलणं पुष्कळ कमी करतात, पुढे-मागे होणारे हेलकावे मात्र त्यांना आवरत नाहीत. कॅरिबियनमध्ये किंवा अलास्काच्या आतल्या जलमार्गात बहुतेकांना काही जाणवत नाही. बिस्केचा उपसागर, ताझ्मान समुद्र आणि अंटार्क्टिकाच्या वाटेवरची ड्रेक सामुद्रधुनी यांची गोष्ट वेगळी. ड्रेक ओलांडायला जवळजवळ दोन दिवस लागतात आणि ते दोन्ही दिवस अंथरुणात काढणारी माणसं असतात.

औषधाचा नियम एकच: मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या. मेक्लिझिनची गोळी तासभर आधी घेतात. कानामागे चिकटवायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावतात आणि ती तीन दिवस चालते. पट्टीने तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती धोक्याची आहे, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. लावल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसायला लागतं. पट्टी आणि गोळी दोन्ही एकदम घेऊ नका.

औषधाशिवायचे उपाय साधे आहेत आणि बऱ्याच जणांना पुरतात. जहाजाच्या मध्यावर उघड्या डेकवर जा, क्षितिजावर नजर ठेवा, फोन खिशात घाला. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. आल्याचा तुकडा, कोरडी बिस्किटं, आंबट सफरचंद. अंधाऱ्या केबिनमध्ये बसून राहिलात तर त्रास वाढतो. बसवत नसेल तर सरळ पाठीवर आडवे व्हा आणि डोळे मिटा.

बॅगेत काय, हातात काय

चढताना मोठी बॅग धक्क्यावरच हमालांकडे द्यायची असते आणि ती केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पासपोर्ट, सगळी औषधं, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. औषधं दोन-चार दिवस जास्तीची घ्या.

केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक लावले की टोप्या, पिशव्या, ओले कपडे टांगायची सोय होते. इतकी साधी वस्तू इतकी उपयोगी पडते. प्लग कमी असतात, पण विजेच्या उसळीपासून संरक्षण देणारी एक्स्टेंशन जहाजावर चालत नाही, आगीचा धोका असतो. इस्त्री, किटली, मेणबत्ती जप्त होतात. श्वासासाठी रात्री यंत्र लावत असाल तर कंपनीला आधी कळवा, ते योग्य वायर देतात. कपड्यांत एक वाऱ्याचं जाकीट हवंच, उष्ण समुद्रातही डेकवर संध्याकाळी वारा झोंबतो. एखाद-दुसरी रात्र सजून जेवायला जायची असते. सक्ती बहुतेक जहाजांवर उरलेली नाही, पण मुख्य जेवणघरात त्या रात्री हाफ पँट चालत नाही.

फोन जहाज सुटण्याआधी विमान मोडमध्ये टाका. बंदर मागे पडलं की तो जहाजाच्या स्वतःच्या टॉवरला जोडला जातो, उपग्रहामार्फत, आणि त्याचा दर कोणत्याही साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही.

पहिला दिवस

चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या सरावाचं. अनेक जहाजांवर आता त्याचा व्हिडिओ फोनवर बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन नोंद करायची, असं असतं. हे कंटाळवाणं समजून टाळणारे दिसतात. १३ जानेवारी २०१२ ला ‘कोस्टा काँकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीतल्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेकियाहून चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालाच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी ठेवला होता, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी बंधनकारक झाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण पाठ करा. केबिनपासून आपल्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून जा, लिफ्टने नाही. लाइफजॅकेट कुठे आहे ते उघडून बघा, मुलांच्या मापाचं आहे ना तेही.

त्या दुपारी सगळे बुफेला गर्दी करतात, पण कित्येक जहाजांवर मुख्य जेवणघरही उघडं असतं आणि तिथे शांतता असते. खाण्याचं पथ्य किंवा ॲलर्जी बुकिंगच्या वेळीच कळवलेली असली तरी पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. बहुधा तो दुसऱ्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवतो आणि तुमच्यासाठी वेगळं बनवून घेतो.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. ते समुद्राच्या पाण्याचं क्षार काढून किंवा बंदरातून भरून तपासलेलं असतं. शौचालय हवेच्या दाबावर चालतं, त्यात कागदाशिवाय काही टाकलं तर पूर्ण ओळीतल्या केबिनचं बंद पडतं. बाल्कनीचं दार उघडं असताना मुख्य दार उघडू नका, वाऱ्याने ते इतक्या जोरात आपटतं की हाताचं बोट सापडलं तर तुटेल.

पोटाचा संसर्ग हा जहाजावरचा खरा शत्रू. तो पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रव्य फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, प्रत्येक जेवणाआधी. जुलाब-उलट्या झाल्या तर दवाखान्याला कळवा, खोलीत थांबायला सांगतील म्हणून लपवू नका. तुमच्यामागे रांगेत कुणाची म्हातारी आई उभी असते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथलं आरोग्य खातं १०० गुणांत तपासतं, ८६ च्या खाली म्हणजे नापास, आणि हे गुण सगळ्यांना पाहता येतात. बुकिंगआधी एकदा जरूर पाहा.

बंदराचा दिवस

ज्या सकाळी जहाज बंदरात शिरणार असेल त्या सकाळी तासभर आधी डेकवर जा. जहाजाला बंदरात वाट दाखवणारा स्थानिक पायलट छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजाच्या कुशीतल्या दोराच्या शिडीवर चढतो, गावाचे दिवे एकेक करून विझतात, पाण्याचा रंग बदलतो. यासाठी पैसे पडत नाहीत आणि निम्मं जहाज तेव्हा झोपलेलं असतं.

सहल कंपनीची घ्यावी की आपली आपण करावी? शहर लांब असेल, जहाज लवकर सुटणार असेल, किंवा टेंडरचं बंदर असेल तर कंपनीची घ्या. महाग असते, पण त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवण्याची जबाबदारी ते घेतात. गाव धक्क्याला लागूनच असेल तर आपल्या पायांनी फिरा. चाळीस जणांच्या बसपेक्षा ते कितीतरी चांगलं.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. फोन स्थानिक वेळ पकडतो आणि काही बंदरांत दोन्हींत एका तासाचा फरक असतो. उतरताना दारावर परतायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. जहाज सुटताना धक्क्यावरून धावत येणारे प्रवासी मी पाहिले आहेत. गँगवे, म्हणजे चढायचा-उतरायचा पूल, एकदा वर घेतला की तो पुन्हा लावत नाहीत. सोबत पासपोर्टची प्रत, एक बँक कार्ड, दिवसभराची औषधं आणि बंदरातल्या कंपनीच्या एजंटचा नंबर ठेवा, तो रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेला असतो. जहाज चुकलंच तर आधी त्यालाच फोन करा. बऱ्याचदा जहाजावरचे लोक केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून त्याच्याकडे देऊन जातात.

हवामानामुळे बंदर रद्द झालं तर बहुधा फक्त त्या बंदराचा कर परत मिळतो, करारात तसं लिहिलेलं असतं. स्वागतकक्षासमोर ओरडणाऱ्या रांगेत उभं राहून काही मिळत नाही. तुम्ही बाहेरून ठरवलेली सहल मात्र लगेच रद्द करा. बुकिंग करतानाच ‘जहाज न आल्यास पूर्ण परतावा’ अशी अट असलेलीच घ्यावी.

उतरताना

शेवटच्या रात्री साधारण ११ च्या आत मोठी बॅग रंगीत पट्टी लावून दाराबाहेर ठेवायची असते. रात्रीचे कपडे, सकाळचे कपडे, चप्पल, औषधं आणि पासपोर्ट आधी बाजूला काढा. सगळं भरून बॅग गेली आणि सकाळी अंगावर फक्त झोपायचे कपडे, असं दर सफरीत कुणाचं तरी होतं. स्वतःची बॅग स्वतः उचलता येत असेल तर ती जवळ ठेवून पहिल्या गटात उतरता येतं. बिल त्याच रात्री ओळ न ओळ तपासा. चूक असेल तर रात्री दहाला पाच मिनिटांत दुरुस्त होते, सकाळी सातला त्याच खिडकीसमोर दोनशे माणसं असतात.

परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या. जहाज पहाटे लागतं, पण सीमाशुल्क, पासपोर्ट आणि बॅगांचा ढीग यात सकाळ जाते.

घरी पोचल्यावर एक-दोन दिवस न्हाणीघरात उभं असताना जमीन हलल्यासारखी वाटेल. शरीराने समुद्राची सवय लावून घेतलेली असते, ती सुटायला वेळ लागतो. चालत राहिलं की बरं वाटतं. महिन्यानंतरही डोलणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा आणि सफरीबद्दल आवर्जून सांगा, म्हणजे ते नेमकं कुठे बघायचं ते ओळखतील.